घोड्यापुढची बोटभर जागा

मित्रांनो, सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे तुम्ही सैल होऊन बसाल. माझ्या पोटात आत्ता काडतूस नाही. मी एक जुनी बंदूक आहे. निरगुडसरच्या शिवारात सयाजीतात्यांचं घर आहे, तिथल्या कुलपाच्या कपाटात मी उभी असते. माझ्या नळीला आठ कडा आहेत, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा आहे आणि चापाभोवती बोटं अडकवायला एक लांबट कडी आहे. कडी खाली ढकलली की आतलं काडतूस टुणकन बाहेर पडतं. वर ओढली की दुसरं आत जातं. तेव्हा ‘खट-खटाक’ असा आवाज होतो. मला स्वतःचा हा आवाज फार आवडतो. या वयात थोडी हौस असायचीच.

माझा जन्म शंभराहून अधिक वर्षांपूर्वी समुद्रापलीकडे, अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. तिथे मोठमोठी यंत्रं होती, पण शेवटचा हात माणसाचा असे. एका कारागिराने कानस घासून माझा एकेक भाग दुसऱ्याशी जुळवला. म्हणून तर माझा स्क्रू दुसरीला बसत नाही आणि दुसरीचा मला बसत नाही. पुढे एका गोऱ्या इंजिनिअरच्या सामानातून मी इकडे आले. डोंगरात रस्त्याची मोजणी करताना त्याचा पाय मोडला, तेव्हा तात्यांच्या आजोबांनी, म्हणजे धर्माजींनी, त्याला पाठकुळी घेऊन खाली आणला. मायदेशी निघताना साहेबाने मला त्यांच्या हाती दिलं, परवानाही करून दिला. तेव्हापासून मी या घरची लेक झाले.

आता माझ्या अंगातली एक खोच समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. माझ्या पाठीवर एक लोखंडी अंगठ्याएवढा तुकडा आहे, त्याला घोडा म्हणतात. घोड्यापुढे एक सुई असते आणि सुईपुढे काडतूस. घोडा सुईवर आपटला की बार उडतो. घोडा मागे ओढला की त्याला दोन ठिकाणी थांबता येतं. पहिल्या खाचेवर ‘टक’ असा आवाज होतो. ही अर्धी खाच. इथे घोडा अर्धवट उभा राहतो, चाप दाबला तरी हलत नाही. अजून मागे ओढला की दुसरं ‘टक’, तेव्हा मी बाराला तयार. माझ्यात दुसरी कुठलीच राखण नाही, ना बटण, ना कुलूप. घोडा पूर्ण खाली बसवला आणि पोटात काडतूस असलं, तर घोडा सुईला चिकटतो आणि सुई काडतुसाला. मग वरून नुसता टोला बसला तरी पुरे. जन्मापासून मला हा धोका ठाऊक आहे. पण मला तोंड नाही, म्हणजे तोंड आहे ते भलत्याच कामाचं.

धर्माजींनी घरात एक रीत घालून दिली होती. खंडेनवमीला कोयते, खुरपी, विळे, पहार, नांगराचा फाळ असं सगळं पाटाभोवती मांडायचं आणि मला मधोमध पाटावर ठेवायचं. इथवर चार घरांसारखंच. पण धर्माजींचं म्हणणं असं की घरची माणसं जेवायची आणि हत्याराने उपाशी पूजा घ्यायची, हे शोभत नाही. म्हणून पूजेपुरतं माझ्या पोटात एक काडतूस घालायचं, घोडा अर्ध्या खाचेवर ठेवायचा आणि पूजा झाली की काडतूस काढून घ्यायचं. प्रेमाने केलेला तो वेडेपणा होता. आता मला तसं म्हणायला काही वाटत नाही, तेव्हा मात्र पोटात काडतूस पडलं की मी मिरवायची.

कुंकू लावायचं काम तात्यांच्या बायकोचं, साळुबाईंचं. नळीला एक बोट, दस्त्याला एक बोट आणि शेवटचं बोट घोड्याला. घोडा अर्ध्या खाचेवर असला की त्याच्या आणि सुईच्या मध्ये बोटाचं टोक जाईल एवढी जागा राहते. साळुबाई अनामिका तिथे घालून घोड्याच्या तोंडाला हळद-कुंकू लावायच्या. चाळीस वर्षं तेच बोट, तीच जागा. पुसताना तात्या दर वर्षी कुरकुरायचे, “आगं, हिच्या पोटात कुकू जातंय, गंज धरंल.”

“धरू द्या. सवाष्णीचं कपाळ मोकळं ठिवू व्हय मी?” साळुबाई म्हणायच्या.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझ्या घोड्यामागची पट्टी मोडली. पट्टी म्हणजे लोखंडाची चपटी स्प्रिंग, तिच्या जोरावर घोडा पडतो. पुण्यातला परवानेवाला बंदूक कारागीर म्हणाला, हिचे भाग आता जगात कुठे मिळायचे नाहीत, चांगलं लोखंड आणा, घडवून देतो. तात्या एसटीने आळेफाट्याला गेले. तिथे गेणभाऊंचं ट्रकचं गॅरेज होतं. ट्रकच्या चाकांवर ओझं झेलणाऱ्या मोडक्या पाट्यांच्या ढिगातून गेणभाऊंनी एक तुकडा काढून दिला आणि म्हणाले, “न्या तात्या. धा टन कांदा झेललाय यानं, तुमचा घोडा काय चीज हाय!” कारागिराने आठ दिवस घासून त्याची पट्टी केली. तेव्हापासून माझ्या पोटात एका ट्रकचा तुकडा आहे. घाट चढणाऱ्या गाडीचा आवाज आला की मला उगाच माहेरचं माणूस आल्यासारखं वाटतं.

निवडणूक लागली की मला ठाण्यात जमा व्हावं लागे. गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधून महिना-दीड महिना इतर बंदुकांच्या रांगेत उभं राहायचं. मला ते अजिबात आवडायचं नाही. तात्या सोडवायला आले की आधी माझा घोडा ओढून बघायचे, ‘टक’ ऐकायचे आणि मगच सही करायचे.

मग डिंभे धरणाच्या कालव्याचं पाणी फिरलं, शिवारात ऊस उभा राहिला आणि उसात बिबटे राहायला आले. दोन हजार एक साली एक मादी ऐन संध्याकाळी गोठ्याशी आली. वस्तीवरची माणसं ओरडली, “तात्या, हाना!” तात्यांनी मला उचललं, आत काडतूस नसतानाच कडी खाली-वर केली. खट-खटाक! मादीने कान टवकारले आणि ती उसात दिसेनाशी झाली. लोक हळहळले. तात्या म्हणाले, “लेकुरवाळी हाय ती. तिला आवाजच पुरं.” त्या दिवशी मला माझ्या मालकाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधीच वाटला नाही.

आणि दोन हजार तीन साली माझी बहीण आली. तात्यांचा पुतण्या ऋषी दहा वर्षं अमेरिकेत इंजिनिअर होता. तो बायको आणि सात वर्षांची लेक समृद्धी यांना घेऊन कायमचा परत आला. सगळं सामान उलगडल्यावर शेवटी एक लांब पेटी उघडली. आत मीच होते! तीच आठ कडांची नळी, तीच कडी, तोच घोडा. फक्त अंगावर एक ओरखडा नाही. माझ्याच जुन्या नमुन्यावरून परदेशातल्या कारखान्याने आता नव्याने केलेली ती नक्कल होती. रीतसर परवाना काढून ऋषीने तिला आणलं होतं. मी कपाटातून तिच्याकडे टकमक बघत राहिले. मत्सर वाटला का? वाटला, कशाला लपवू?

ऋषीने दोघींना बाजेवर शेजारी शेजारी ठेवून तात्यांना फरक समजावला. “तात्या, हिचं पोलाद कितीतरी कणखर आहे. तुमची जुन्या काळ्या दारूच्या हिशोबाने केलेली, हिला आजची दारू सोसते. तुमचीत चपटी पट्टी आहे, हिच्यात वेटोळ्याची स्प्रिंग, सहसा मोडत नाही. मोडली तरी नवी आणून बसवायची, घासत बसायला नको.”

“आन् हे काय?” तात्यांनी तिच्या घोड्यामागे बोट ठेवलं.

“हे सेफ्टीचं बटण. मागे ओढलं की घोडा पडला तरी बार उडत नाही. आणि खरी गंमत पुढेच आहे. हिचा घोडा खाली सोडला ना, तर तो आपण होऊन केसभर मागे सरकतो. सुईला टेकतच नाही. वरून हातोडी मारा, काही होणार नाही.”

मी ऐकत होते. नाव, रूप, चाल सगळं माझं आणि आतलं शहाणपण तिचं स्वतःचं. शंभर वर्षांत बंदुकांच्या बाबतीत ज्या चुका झाल्या, त्यांतून शिकून तिला घडवलं होतं. ते चांगलंच होतं, मित्रांनो. तिच्या कडीचा आवाज मात्र कोरा, घट्ट, नव्या वहाणेसारखा करकरीत. एवढं माझ्या मनाला बरं वाटलं.

ऋषीचं पुढचं बोलणं ऐकून मात्र मी हादरले. “आता दोन-दोन कशाला सांभाळायच्या? दसरा झाला की जुनी सरकारजमा करून टाकू. मी अर्ज लिहून ठेवलाय.” जमा झालेल्या जुन्या बंदुकांचे तुकडे करतात, हे मी ठाण्याच्या रांगेत ऐकलं होतं.  तात्यांना दिसायचं कमी झालं होतं आणि मला साफ ठेवणं त्यांच्याच्याने होईना. त्यांनी नुसता माझ्या दस्त्यावरून हात फिरवला.

खंडेनवमीच्या चार दिवस आधी तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्याने धूसर. त्यामुळे त्या वर्षी मांडणी ऋषीने केली. ओसरीवर त्याने नुकतीच गुळगुळीत फरशी बसवून घेतली होती. तिच्यावर पाट मांडला. पाटाला लागून जड पहार भिंतीशी तिरकी उभी केली. पूर्वी शेणाने सारवलेल्या जमिनीत पहारेचं टोक रुतून बसायचं. अंगणात गड्याने पूजेसाठी ट्रॅक्टर धुतला होता आणि आता तो सुरू करून जागेवर लावत होता. त्या धडधडाटात ऋषीने माझ्या पोटात काडतूस घातलं.

मग त्याने माझं बटण शोधलं. अंगठा घोड्यामागे फिरवला. बटण नव्हतंच. बटणवाल्या बंदुकांची त्याच्या हाताला अमेरिकेपासूनची सवय. त्या सवयीने त्याने घोडा अंगठ्याने धरून अलगद पार खाली सोडला. तिचा घोडा आपोआप मागे सरतो, माझा सरत नाही. तो सुईवर जाऊन बसला आणि सुई काडतुसावर.

खाटेवरून तात्यांनी हाक मारली, “घोडा नीट ठिवला का रं?”

“हो तात्या, एकदम सेफ!”

एरवी तात्यांच्या कानाने ते ‘टक’ टिपलं असतं. पण ट्रॅक्टर आवाज करत होता. ऋषीने मला पाटावर आडवं ठेवलं, बहिणीला माझ्या पलीकडे ठेवलं आणि तो नारळ सोलायला गेला. माझं तोंड ज्या बाजूला होतं तिथे, हातभर अंतरावर, समृद्धी मांडी घालून रांगोळी काढत होती. जीभ दातांत धरून ती एकेक ठिपका जुळवत होती. मित्रांनो, मी लोखंडाची आहे, पण त्या घटकेला मला जी भीती वाटली ती सांगता येत नाही. आयुष्यात मी कुणाच्या अंगावर बार टाकला नव्हता. आणि आता या घरच्या लेकरासमोर मी भरल्या पोटाने, झोपलेल्या घोड्याने पडले होते आणि मला कूस बदलता येत नव्हती.

ट्रॅक्टर बंद झाला. साळुबाई ताट घेऊन आल्या. कोयत्याला कुंकू, खुरप्याला कुंकू. बहिणीला लावलं. मग माझ्या नळीला, दस्त्याला. मग अनामिका हळदीत बुडवून त्यांनी माझ्या घोड्यापुढे नेली.

बोट आत जाईना.

त्यांनी पुन्हा नेलं. जागाच नव्हती. साळुबाईंना स्प्रिंग ठाऊक नाही, सुई ठाऊक नाही. बंदुकीच्या पोटात काय चालतं हे त्यांनी जन्मात विचारलं नव्हतं. पण चाळीस वर्षांचं बोट होतं ते. त्यांनी ताट खाली ठेवलं, समृद्धीला दंडाला धरून उचललं आणि आपल्या मागे उभं केलं. रांगोळी विस्कटली.

“आजी! माझी फुलं!” पोर रडकुंडीला आली.

“ऱ्हाऊ दे फुलं. आवं ऐकलं का, हिच्यात माझं बोट जात न्हाई.”

तात्या खाटेवरून ताडकन उठले. “कुणी हालू नका! ऋषी, नारळ ठेव खाली. तिच्या तोंडाम्होरं कुणी हाय का?”

“न्हाई. पोरगी माझ्या मागं हाय.”

ऋषी नारळ टाकून धावला. “तात्या, तुम्हाला दिसत नाही, मी काढतो.”

“डोळं बांधल्यात, हात न्हाईत बांधलं. मला तिच्यापाशी न्हे.”

तात्यांनी चाचपत मला उचललं. नळी आधी अंगणातल्या मातीच्या बांधाकडे वळवली. मग अंगठ्याने घोडा धरून सावकाश मागे ओढला. टक. अख्ख्या ओसरीने ते ऐकलं. त्यांनी कडी खाली ढकलली आणि काडतूस टणकन फरशीवर पडलं. आत बोट घालून नळी रिकामी असल्याची त्यांनी खात्री केली आणि मला मांडीवर घेऊन तिथेच बसले.

ऋषीने काडतूस उचललं. त्याच्या बुडाशी, बरोबर मध्यावर, सुईच्या टोकाएवढा बारीक खळगा पडला होता. त्याला सगळं कळलं. इंजिनिअरच होता तो. पण तरीही तो म्हणाला, “म्हणूनच मी म्हणत होतो तात्या, ही धोक्याची आहे. पण तसं काही झालं नसतं, कुणी वरून मारणार थोडंच होतं?”

 समृद्धीचं रडणं थांबावं म्हणून साळुबाई म्हणाल्या, “आटपा आता, नारळ फोडा.” ऋषीने पाटाजवळच्या दगडावर नारळ आपटला. एकदा, दोनदा. तिसऱ्या टोल्याला गुळगुळीत फरशीवर पहारेचं टोक सरकलं. पहार भिंतीवरून घसरली आणि धाडकन पाटावर आदळली. मी जिथे पडले होते तिथे, माझा घोडा जिथे होता अगदी तिथे. पाटाची कड उडाली.

ऋषीने नारळ तसाच टाकला. त्याने समृद्धीला जवळ ओढलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसून हुंदके देऊ लागला. मी माझ्या मालकाच्या मांडीवर होते. 

तात्या म्हणाले, “चूक तुझी एकल्याची न्हाई. मला दिसत नव्हतं, तरी मी हात लावून बघाया पायजे व्हतं. आन् म्हाताऱ्या आज्याची रीत मी तशीच वढली. आजपास्नं हिला उपाशीच पुजायची. काय करायचं ते तू कर आता. तुझा अर्ज हाय न्हवं?”

ऋषीने साळुबाईंकडे पाहिलं. त्या पदराने माझ्यावरचं कुंकू सारखं करत होत्या. “काकू, तुम्ही सांगा. लेकीपेक्षा बंदूक मोठी नाही.”

“न्हाईच,” साळुबाई म्हणाल्या. “पर हिनं काय केलं रं? हिला बोलाया येत न्हाई, तरी सांगितलं की हिनं मला. तूच इचारलं न्हाईस तिला.”

ऋषीने खिशातून अर्जाची घडी काढली. मला वाटलं, आता पत्ता लिहील आणि संपलं सगळं. पण त्याने कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘हिला बटण नाही. हिच्या पोटात काडतूस कधीच घालायचं नाही. नळी भिंतीकडे. पूजेआधी घोड्यापुढे बोट घालून बघायचं.’ त्याने तो कागद सुतळीने माझ्या कडीला बांधला. ठाण्याची चिठ्ठी मला कधी आवडली नाही, पण ही मी दागिन्यासारखी मिरवते. उरलेली काडतुसं मात्र त्याने दुसऱ्याच आठवड्यात सरकारजमा केली. मी आनंदाने उपाशी राहिले.

तेव्हापासून ऋषी मला स्वतः साफ करतो. नक्कल बंदुकीला तो नुसतं पुसतो, पण मला समजून घेतो. माझी पट्टी काढताना त्याने तात्यांकडून गेणभाऊंच्या ट्रकची कथाही ऐकून घेतली. बहिणीशी माझं आता छान जमतं. दुरून बघणाऱ्याला आम्ही जुळ्या वाटतो. आतून किती वेगळ्या आहोत, ते तिला आणि मलाच ठाऊक.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल. तिच्यासारखीच दिसणारी नवी तुम्ही बाजारातून आणाल, जरूर आणा, नवीत शहाणपण असतं. पण नवीची सवय घेऊन जुनीला हात लावू नका. आधी ज्या माणसाचा हात तिच्यावर फिरलाय त्याला विचारा. तो माणूस शिकलेला नसेल, त्याला कारण सांगता येणार नाही, तरी विचारा. आणि बंदूक जुनी असो की नवी, रिकामी म्हणा की भरलेली, मोठ्या माणसाशिवाय तिला कधी शिवू नका. हे माझ्यासारखीनेच सांगितलेलं बरं.

गेल्या खंडेनवमीची गोष्ट सांगते आणि थांबते. दोन हजार नऊ साल. तात्या खाटेवर होते, आता त्यांना अगदीच दिसत नाही. साळुबाईंची बोटं संधिवाताने वाकडी झाली आहेत. अनामिका वळतच नाही. दर वर्षी त्या समृद्धीलाही बोट घालायला लावत, पण तिचं बोट त्या जागेत सैल पडायचं, इकडेतिकडे हलायचं. “अजून बारकी हायेस तू,” म्हणून साळुबाई हसायच्या. त्या वर्षी समृद्धी तेरा वर्षांची झाली होती. नळी भिंतीकडे, पोट रिकामं, पहार बाहेर अंगणात. ऋषी दगडाशी नारळ घेऊन थांबला होता. समृद्धीने बोट हळदीत बुडवलं आणि माझ्या घोड्यापुढे नेलं.

“जातंय का गं?” तात्यांनी खाटेवरून विचारलं.

“जातंय आजोबा,” ती म्हणाली. “बरोब्बर बसलं.”